कामगारानं ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र दिलंय: कंपनीत काय बदलायचं आणि कोणत्या क्रमानं?

चाकण_एचआर · ९ सप्टेंबर २०२४

वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, चाकण एमआयडीसीत. कायम आणि कंत्राटी धरून ३४० माणसं, त्यात ६२ महिला. असेंब्ली लाईनवरच्या एका कायम कामगारानं (सहा वर्षं सेवा, ग्रॉस २०,५००) गेल्या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दिलं. प्रमाणपत्रावर नवं नाव आहे, बाईचं. लिंगाच्या जागी 'ट्रान्सजेंडर' लिहिलंय. मागण्या तीन: सगळीकडे नवं नाव, महिलांचा युनिफॉर्म, महिलांचं स्वच्छतागृह आणि चेंजिंग रूम.

वरून आलेल्या सूचना अशा:

प्लांट हेड म्हणतात, "ऑपरेशन झाल्याचं सर्टिफिकेट मागा, मग बघू." अकाउंट्स म्हणतं, जुन्या नावानं राजीनामा घ्या आणि नव्या नावानं भरती दाखवा, सिस्टिममध्ये तेच सोपं पडेल. युनियनचं म्हणणं, बायका तक्रार करतील, तेव्हा वेगळं टॉयलेट बांधा.

कायदा काय सांगतो आणि प्रत्यक्षात कशापासून सुरुवात करायची? तत्त्वचर्चा नको, सोमवारी टेबलावर काय ठेवायचं ते सांगा.

---

कामगारकायदा_पुणे

पहिल्या दोन्ही सूचना आधी बाजूला ठेवा. दोन्ही कंपनीलाच गोत्यात आणतील.

ऑपरेशनचं सर्टिफिकेट मागायचा अधिकार कंपनीला नाही. तुमच्याकडे आलंय ते नमुना ३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ च्या कलम ६ खालचं. २०२० च्या नियमांप्रमाणे ते (सप्टेंबर २०२४ च्या स्थितीत) अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर दिलं जातं, आणि कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता. जिथे जिल्हाधिकाऱ्यांनाच तपासणी करता येत नाही, तिथे प्लांट हेड कुठून करणार? कायद्याच्या २०२४ मधल्या व्याख्येत ट्रान्स-स्त्री आणि ट्रान्स-पुरुष येतात ते शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालातच सांगितलंय की ओळख मान्य करायला शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे.

दुसरं एक प्रमाणपत्र असतं, नमुना ४ चं, कलम ७ खालचं. त्यावर थेट 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून येतं. त्यासाठी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र जोडावं लागतं. कलमात शस्त्रक्रिया असा शब्द आहे, पण नियमांत 'वैद्यकीय हस्तक्षेप' या व्याख्येत समुपदेशन आणि हार्मोन उपचारही घेतलेत. ही पायरी चढायची की नाही, कधी चढायची, हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. ती पुढे नमुना ४ घेऊन आली तर रेकॉर्ड पुन्हा बदला. नाही आली तर विचारू नका.

राजीनामा आणि पुनर्भरती तर अजिबात नको. सहा वर्षांची सलग सेवा तुटते, म्हणजे ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, ज्येष्ठता सगळ्यावर पाणी. कलम ९ प्रमाणे भरती, बढती वा नोकरीशी संबंधित कशातही भेदभाव चालत नाही. नाव बदललं म्हणून सेवा शून्यावर आणणं यात सरळ बसतं. कलम १८ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. प्लांट हेडना एवढं एक वाक्य वाचून दाखवलं तरी पुरे.

सोमवारी टेबलावर ठेवायच्या गोष्टी:

एक, तक्रार अधिकारी. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत हवा, महामंडळ असो की वर्कशॉप. नियम १३ प्रमाणे त्यानं तक्रार आल्यापासून १५ दिवसांत चौकशी करायची आणि अहवाल आल्यावर आस्थापनेच्या प्रमुखानं पुढच्या १५ दिवसांत कारवाई करायची. हे पद बहुतेक कंपन्यांत भरलेलंच नसतं. आणि भरलेलं असलं की नेमका तो माणूस एचआर हेड असतो, ज्याच्याविरुद्धच तक्रार येऊ शकते. दुसऱ्या विभागातला कुणी घ्या.

दोन, समान संधी धोरण, नियम १२. वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावायचं. त्यात हे मुद्दे लागतात: सुविधा (सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह वगैरे), सुरक्षितता (वाहतूक, गार्ड), स्वच्छतेची साधनं, सेवाशर्ती सारख्याच लागू असल्याचा उल्लेख, लिंगओळखीबाबत गोपनीयता, आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव. दोन पानांत बसतं.

तीन, त्या कामगाराला लेखी पोच. कागद मिळाले, अमुक तारखेपासून नवं नाव लागू, संपर्क अमुक व्यक्ती. पोच नव्या नावानं द्या.

---

कागदपत्र_मदतकेंद्र

वरचं सगळं बरोबर. क्रम चुकला की काय होतं ते मी सांगते, कारण एचआर बहुतेक वेळा उलट टोकापासून सुरू करतं. पगारपत्रकावर नवं नाव टाकतं आणि आधार-पॅनवर जुनंच राहतं. मग काहीच जुळत नाही.

कंपनीच्या अंतर्गत गोष्टी (बॅज, ईमेल, हजेरीचा स्क्रीन, युनिफॉर्मवरचं नाव) लगेच बदला. त्यासाठी आधारची वाट बघायचं काहीच कारण नाही. कायदेशीर नोंदींचा क्रम मात्र असा: प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, मग पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा), शेवटी टीडीएस आणि फॉर्म १६.

आधार. नोंदणी केंद्रावर जाऊन होतं, ओळखपत्र पुरावा म्हणून चालतं. फोटोही त्याच वेळी बदलून घ्यावा, बोटांचे ठसेही. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं, पण लिंग एकदाच. त्यापुढचा बदल अपवाद म्हणून प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयामार्फत मागावा लागतो आणि त्यात वेळ जातो. म्हणून जिला पुढे नमुना ४ घ्यायचंय तिनं आत्ता लिंग 'ट्रान्सजेंडर' करून ती एक संधी वापरायची की सध्या फक्त नाव आणि फोटो बदलायचा, हे विचार करून ठरवावं. एचआरनं माहिती द्यावी, घाई करू नये.

पॅन. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन, कार्ड घरी हवं असेल तर १०७ रुपये. २०१८ पासून अर्जात ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. आधार आणि पॅनवर नाव जुळलं नाही की जोडणी अडकते, आणि पॅन निष्क्रिय झालं की २० टक्के टीडीएस. या पगारावर टीडीएस लागत नसेल, पण पीएफ काढताना किंवा बँकेत ठेव ठेवताना ते पुढे येतंच.

बँक. शाखेत जावं लागतं. रिझर्व्ह बँकेनं २०१५ सालीच बँकांना अर्जात तृतीय लिंगाचा पर्याय ठेवायला सांगितलंय, तरी काउंटरवर "गॅझेट आणा" असं उत्तर मिळू शकतं. २०२० च्या नियमांच्या जोडपत्रात जन्मदाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पॅन, आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, बँक पासबुक, सेवापुस्तक अशी यादीच दिलेली आहे, आणि प्रमाणपत्राच्या आधारे १५ दिवसांत बदल करायचा असंही म्हटलंय. ते पान छापून सोबत न्यायचं. तरीही राजपत्रात नाव छापून घ्यावं असं माझं मत. कायद्यानं लागत नाही, पण दहा टेबलांवर वाद घालण्यापेक्षा एकदा छापून टाकलेलं बरं. महाराष्ट्र राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो.

बँकेत नमुना सही बदलायची राहून जाते! नवं नाव, जुनी सही, आणि चेक परत.

अजून एक. नव्या कागदावर जुनाच अनुक्रमांक राहतो असं नियमात आहे. त्यामुळे नवं पॅन, नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढायचा प्रश्नच नाही. कुणी सुचवलं तर थांबवा.

---

पेरोलचं_डोकं

आता माझ्या खात्यातलं.

कर्मचारी क्रमांक तोच. मास्टरमध्ये (पगाराच्या सॉफ्टवेअरमधली कर्मचाऱ्याची मूळ नोंद) नाव बदलताना लागू दिनांक टाका आणि मागच्या महिन्यांची रजिस्टरं जशी आहेत तशी ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये मास्टर बदलला की जुन्या पगारपावत्याही नव्या नावानं निघतात, मग पीएफच्या जुन्या चलनाशी मेळ बसत नाही. आधी एका बनावट कोडवर करून बघा.

पीएफ. यूएएनवर नाव आणि लिंग संयुक्त घोषणापत्रानं बदलतं. २०२४ मधली पद्धत अशी होती: कर्मचारी आपल्या लॉगिनमधून अर्ज टाकायचा, कंपनी मान्य करायची, मग पीएफ कार्यालय. पूर्ण नाव बदलणं हे 'मोठा बदल' या गटात जायचं, म्हणजे कागद जास्त लागायचे. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षराला अक्षर जुळायला हवं. मधलं नाव आधारवर आहे आणि अर्जात नाही, एवढ्यावर अर्ज परत येतात. हे झालं की नामनिर्देशन पुन्हा भरून घ्या.

ग्रॅच्युइटी. नामनिर्देशनाचा नमुना नव्या नावानं पुन्हा घ्या, जुना फाडू नका, मागे टाचून ठेवा.

ईएसआय. २१,००० च्या आत असल्यानं लागू आहे. विमाधारकाची माहिती दुरुस्त करून नवं ई-पहचान कार्ड काढा. हे राहिलं तर दवाखान्याच्या खिडकीवर जुन्या नावानं मोठ्यानं पुकारा होतो, आणि ती अडचण कागदापेक्षा मोठी. पुढे शस्त्रक्रियेसाठी किंवा इतर उपचारासाठी लांब रजा लागली तर नेहमीचेच नियम: योगदान कालावधीत ७८ दिवसांचं योगदान असेल आणि ईएसआयच्या डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला, तर आजारपण लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दाखल्यावर कशाची शस्त्रक्रिया हे सुपरवायझरला कळायची गरज नाही. रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय' एवढंच.

गट विमा असेल तर नावदुरुस्ती आधार बदलल्याच्या त्याच आठवड्यात पाठवा. कॅशलेसच्या टेबलावर आधार आणि विमा कार्डावरचं नाव जुळलं नाही की मंजुरी थांबते, आणि अपघात काही तारीख बघून होत नाही.

व्यवसाय कर. हे कुणाच्याच लक्षात येत नाही. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही (एप्रिल २०२३ पासून). पुरुषाला १०,००० च्या वर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. तुमच्या कामगाराचा पगार २०,५००. म्हणजे मास्टरमध्ये लिंगाच्या रकान्यात काय आहे त्यावर वर्षाचे अडीच हजार अवलंबून. अनुसूचीत स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने आहेत. नमुना ४ आलं की प्रश्न मिटतो. नमुना ३ वर काय करायचं, यासाठी कर सल्लागाराचं लेखी मत घ्या आणि फाईलला लावा. मी असते तर ट्रान्स-स्त्रीला महिलांचा दर लावला असता आणि कारण लिहून ठेवलं असतं. पण सही तुमची आहे, तेव्हा मत लेखीच घ्या.

---

लाईनलीडर_ट्रेनर

कागद होतील. खरं काम शॉपफ्लोअरवर आहे, आणि तिथं जुनं नाव कुठं कुठं चिकटलेलं असतं याची एचआरला कल्पना नसते. बूट घालून एक फेरी मारा आणि यादी करा:

लाईनच्या तोंडाशी स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड (कुणाला कोणतं काम येतं तो तक्ता), फोटोसकट. कैझनच्या (कामातल्या सुधारणा सुचवण्याच्या) बक्षिसांची भिंत. अग्निशमन आणि प्रथमोपचार पथकाची यादी. हातमोजे-बुटांच्या वाटपाचं रजिस्टर. बसच्या थांब्यांची यादी, ड्रायव्हरच्या मोबाइलमधली. कँटीनचं कार्ड. गेटवरचं रजिस्टर. लॉकरचं लेबल. लाईनचा व्हॉट्सॲप ग्रुप, जिथं कुणीतरी नंबर जुन्या नावानं सेव्ह केलाय. पंच केल्यावर मशीन नाव बोलतं का, तेही बघा. काही मशीन मोठ्यानं बोलतात.

हे सगळं एकाच दिवशी बदला, शक्यतो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. हप्त्याहप्त्यानं बदललं की रोज नवी कुजबुज.

माहिती कुणाला आणि किती द्यायची, हे आधी त्या कामगाराला विचारा. गोपनीयता हा नियम १२ चाच भाग आहे. काहींना स्वतः लाईनसमोर सांगायचं असतं. काहींना वाटतं सुपरवायझरनं सांगावं आणि आपण त्या दिवशी सुट्टीवर असावं. दोन्ही चालतं. नोटीस बोर्डावर 'ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्याबाबत सूचना' असला कागद कधीही लावू नका.

शिफ्टच्या आधीच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरनं बोलायचं ते साधारण असं: "उद्यापासून आपल्या लाईनवरच्या अमुक या नावानं काम करतील. कंपनीच्या नोंदीत तेच नाव आहे. आपणही तेच वापरायचं. प्रश्न असेल तर मला वेगळं भेटा." बस. भाषण नको, टाळ्या नकोत, पेढेही नकोत.

सुपरवायझरची जीभ अडखळते ती क्रियापदावर. सहा वर्षं "आलास का" म्हणत आलेला माणूस "आलीस का" म्हणताना गडबडतो, आणि मग बोलणंच टाळतो. सुरुवातीचे काही दिवस 'तुम्ही' वर या: "आलात का, जेवलात का". यात अडचणच येत नाही. पण तिच्याविषयी दुसऱ्याशी बोलताना 'ती' च, आणि चुकलं तर लगेच दुरुस्त करून पुढं जायचं, माफीचा कार्यक्रम करायचा नाही. फक्त तिलाच 'तुम्ही' आणि बाकी सगळ्यांना 'तू' असं महिनोन्‌महिने चाललं तर तोही एक प्रकारचा दुरावा होतो. त्यामुळे हे तात्पुरतंच.

नंतर सुपरवायझरकडे एकेकटे येऊन लोक जे विचारतात ते साधारण ठरलेलं असतं. "ऑपरेशन झालंय का?" उत्तर: तुझ्या पोटाचं झालं तेव्हा आम्ही विचारलं होतं का? "हे सिग्नलवरचे, घराण्यातले आहेत का?" उत्तर: हिजडा घराणी, गुरू-चेला ही एक परंपरा झाली, जोगते ही दुसरी. कायद्यात दोन्हींची नावं आहेत. पण ट्रान्सजेंडर म्हणजे तेवढेच नव्हे. सोलापूर-कोल्हापूरकडची माणसं लाईनवर असली तर त्यांना यल्लम्माचे जोगते माहीत असतात आणि ती सगळ्यांना तिथंच नेऊन बसवतात. तेव्हा एवढं सांगायचं की ही आपल्याच लाईनवरची फिटर आहे, टॉर्क कालच्यासारखाच लावणार आहे.

"डोक्याचा आजार आहे का?" हाही येतो. नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या आजार-वर्गीकरणात (आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू) हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलाय. आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवायचा सल्ला कुणी दिला तर सांगा, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

---

युनियन_ऑफिस

मला एक कळत नाही. वेगळं टॉयलेट बांधलं तर कुणाचं काय बिघडतं? तिलाही बरं, बायकांनाही बरं, वाद नाही. बाहेर पाटी लावली 'तृतीयपंथी', विषय संपला. बायकांच्या बाजूनं कुणी बोलतच नाही इथं. चेंजिंग रूममध्ये ६२ जणी कपडे बदलतात. त्यांच्या संकोचाला काही किंमत आहे की नाही?

---

कामगारकायदा_पुणे

किंमत आहे, म्हणूनच नीट सोडवायचं.

पाटीचा प्रश्न आधी. ३४० माणसांत ती पाटी एकाच व्यक्तीसाठी असेल तर त्या दारातून आत जाणं म्हणजे रोज चार वेळा जाहीर घोषणा. गोपनीयतेचं कलम तिथंच मोडलं. नियमात उदाहरण आहे ते 'सर्वांसाठी' स्वच्छतागृहाचं, 'एकासाठी' नव्हे. शिवाय स्वतःला स्त्री म्हणवणाऱ्या व्यक्तीला स्त्री म्हणून वागवण्याची दिशा न्यायालयांनी दाखवलेली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत महिला राखीव प्रभागातून अर्ज भरलेल्या ट्रान्सजेंडर उमेदवाराचा अर्ज फेटाळला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरायला लावला. राखीव जागा चालते आणि टॉयलेट चालत नाही, हे कंपनीला कागदावर लिहून समर्थन करता येणार नाही.

आता बायकांचा संकोच. आधी मोजा. कारखाना नियमांप्रमाणे २५ महिलांमागे एक संडास. ६२ महिला म्हणजे तीन, तेही चालू स्थितीतले. एकाची कडी तुटलेली, एकात झाडू-बादल्या ठेवलेल्या, असं असेल तर प्रत्यक्षात एकच उरतो, आणि मग तिथं कुणी नवीन आलं की वाद होतोच. तो गर्दीचा वाद असतो, नाव मात्र दुसऱ्याच गोष्टीला दिलं जातं.

करायचं काय: प्रत्येक संडासाचं दार जमिनीपासून वरपर्यंत, खालची फट बंद. आत-बाहेर दाखवणारी कडी. आत हूक, झाकणाचा डबा, पाणी. चेंजिंग रूममध्ये दोन ते तीन पडद्याचे नव्हे, दाराचे कप्पे करा, एक मीटर बाय एक मीटर पुरतो. यानं बासष्टच्या बासष्ट जणींची सोय होते. लाजणारी नवी मुलगी, बाळंतपणाहून परतलेली, सगळ्यांचीच. याच्या जोडीला एक 'सर्वांसाठी' अशी पाटी असलेलं एकांडं स्वच्छतागृह ठेवा, ज्याला हवं तो वापरेल. तिला तिथंच जायची सक्ती नाही, ज्या बाईला संकोच वाटतो तिलाही तोच पर्याय मोकळा. कप्पे तयार होईपर्यंत मधले दिवस कसे काढायचे ते तिला विचारून ठरवा आणि संपायची तारीख लिहून द्या. तारीख नसली की 'तात्पुरतं' कायमचं होतं.

आणि वर्तनाचा नियम सर्वांना एकच. चेंजिंग रूममध्ये कुणीही कुणाला त्रास दिला, फोटो काढला, तर कारवाई. करणारी कोणीही असो.

---

चाकण_एचआर

खूप उपयोग झाला. प्लांट हेडना कलम १८ वाचून दाखवलं, ऑपरेशनचा विषय बंद झालाय. व्यवसाय कराचं तर कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

तीन गोष्टी उरल्या. गेटवर झडती कुणी घ्यायची? गार्ड एजन्सीचे आहेत. तिला रात्रपाळी लावायची का? आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे तिची तक्रार आली तर ऐकायची का, कायद्यात तर 'महिला' म्हटलंय.

---

लाईनलीडर_ट्रेनर

झडती: सगळ्यांसाठी हातातला मेटल डिटेक्टर आणि बॅग तपासणी करा, अंगाला हात लावायची वेळ क्वचितच येईल. हात लावून तपासायची वेळ आलीच तर कोणत्या गार्डनं, हे तिची पसंती लेखी घेऊन ठेवा आणि एजन्सीच्या सुपरवायझरला एवढंच सांगा. एजन्सीचे गार्ड दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, तेव्हा सूचना गेटच्या ड्यूटी-पुस्तकात सर्वांना लागू अशा भाषेत लिहा, तिचं नाव न घेता: "झडती कर्मचाऱ्याच्या पसंतीच्या महिला वा पुरुष गार्डकडून." नुसतं तोंडी सांगितलं तर गार्ड बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

हे काही जगावेगळं नाही, हेही व्यवस्थापनाच्या कानावर घाला. पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून घेतलं. टाटा स्टीलनं २०२१ मध्ये वेस्ट बोकारोच्या खाणीत अवजड यंत्रांवर ट्रान्सजेंडर ऑपरेटर घेतले.

---

कामगारकायदा_पुणे

रात्रपाळी: तुमच्या महिलांना आत्ता ज्या अटींवर रात्री बोलावता (संमती, घरपोच वाहन, गटानं काम) त्याच अटी तिला. "आता बाई झालीस ना, मग रात्रपाळीतून नाव कापलं, भत्ता गेला" हे चालणार नाही. आणि "तुला कसली भीती" म्हणून वाहन न देणंही चालणार नाही. बसमध्ये जागा महिलांच्या बाजूला.

अंतर्गत समिती: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित 'महिला' आहे. ट्रान्स-स्त्रीची तक्रार समितीनं घ्यावी, असं तुमच्या धोरणात एका वाक्यात लिहून टाका, म्हणजे पहिल्याच सुनावणीला समोरच्याचा वकील तिच्या लिंगावर वाद घालत बसणार नाही. ट्रान्स-पुरुषासाठी, किंवा लैंगिक नसलेल्या छळासाठी, कलम ११ चा तक्रार अधिकारी. दोघांनी एकाच घटनेची दोन चौकश्या लावू नयेत. कुणाकडे काय जाईल ते धोरणातच लिहा.

---

कागदपत्र_मदतकेंद्र

एक राहिलं, घराचं. २०१७ मध्ये कोची मेट्रोनं २३ ट्रान्सजेंडर कर्मचारी घेतले, मोठं कौतुक झालं. त्यातल्या काहींनी महिन्याभरातच काम सोडलं, कारण भाड्यानं घर मिळेना. चाकण, खराबवाडी, म्हाळुंगे पट्ट्यात खोल्या कॉट बेसिसवर असतात, नाव-फोटो बदलला की मालक खोली खाली करायला सांगू शकतो. कलम ३ मध्ये घर भाड्यानं देण्यातला भेदभावही येतो, पण रात्री दहाला सामान बाहेर पडल्यावर कलम घेऊन कुठं जाणार?

कंपनीनं दोन गोष्टी आधीच तयार ठेवाव्यात. लेटरहेडवर नव्या नावाचं नोकरीचं पत्र, सेवेची मूळ तारीख आणि पदासकट, लिंगाचा उल्लेख न करता. भाडेकरार आणि पोलिस पडताळणीला ते लागतं. दुसरं पत्र 'अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती' असं, पण बंद पाकिटात, फक्त तिच्या हातात. जुन्या अनुभवपत्रांसाठी, आयटीआयच्या सर्टिफिकेटसाठी ती ते स्वतः दाखवेल तेव्हा दाखवेल. मूळ प्रमाणपत्राची प्रत एचआरच्या कुलपात, चावी दोघांकडेच. शेअर्ड ड्राइव्हवर 'टीजी केस' नावाचं फोल्डर कुणी आधीच करून ठेवलं असेल, ते आजच काढून टाका.